निळं फूल आलं की कळव

माझ्या आईनं जन्मभरात एकाच माणसाला मनापासून शिव्या दिल्या आणि तो महाबळेश्वरचा एक माळी होता.

लग्नानंतर वर्षभरानं आई आणि बाबा महाबळेश्वरला गेले होते. तिथं एका बंगल्याच्या कुंपणाशी आईनं हायड्रेंजिया पाहिला. नाव तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. रुंद हिरवी पानं आणि त्यावर लहानग्या निळ्या फुलांचे भरगच्च गेंद. आई तिथून हलेना. शेवटी बाबांनी माळ्याला विनवलं, त्यानं एक फांदी कापून दिली आणि आईनं ती ओल्या रुमालात गुंडाळून, एस.टी.त मांडीवर धरून बार्शीला आणली. दोन वर्षं तिनं ती जपली. तिसऱ्या वर्षी फूल आलं, ते गुलाबी. धुऊन धुऊन विटलेल्या परकराच्या रंगाचं, असं ती सांगायची. मग पानं पिवळी पडत गेली आणि एका उन्हाळ्यात झाड गेलंच.

"मेल्यानं दुसऱ्याच झाडाची फांदी दिली," हा आईचा निकाल. दुधात पाणी निघालं, कापड आटलं, शिंप्यानं ब्लाउज बिघडवला, कुणीही कसंही फसवलं की आईची गाडी महाबळेश्वरच्या माळ्यावर यायचीच. आई शाळेत शिक्षिका होती, तोलूनमापून बोलणारी. पण या एका विषयात तिचा तोल जायचा. मी त्या माळ्याला कधी पाहिलं नाही, तरी लहानपणापासून तो मला आमच्या नात्यातला वाटत आलाय.

२००२ साली मी आणि माझा नवरा पुण्याजवळ, मुळशी तालुक्यातल्या चांदे गावात राहायला आलो. दोघांची नोकरी हिंजवडीत. रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलेली मी एका कंपनीत लोकांच्या रजांचे अर्ज तपासत होते. चांद्यात आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. घरमालकीण एकटी बाई, साठीच्या पुढची. नवरा तरुणपणीच गेला म्हणून ती माहेरी परत आली होती. गावाची लेक, म्हणून अख्ख्या गावाची आत्या. आम्हीही तिला आत्याच म्हणू लागलो. पुढं स्लॅबच्या नव्या खोल्या भाड्यानं दिलेल्या, आणि मागं पत्र्याच्या छपरात आत्याची चूल. गॅस होता तिच्याकडं, पण त्यावर फक्त पाहुण्यांचा चहा व्हायचा.

"गॅसवरच्या भाकरीला काय चव न्हाई," असं म्हणत ती चुलीवरची तांदळाची भाकरी रोज सकाळी आमच्या खिडकीत ठेवून जायची. मला ज्वारीची सवय, सुरुवातीला ती पांढरी भाकरी घशाखाली उतरेना. वर्षभरात अशी चटक लागली की माझी मीच मला ओळखेना.

आम्ही चांद्याला आलो त्याच्या आधीच्याच वर्षी बाबा गेले होते. मी एकुलती एक. बार्शीच्या घरात आई एकटी. मी दर रविवारी फोन करायची आणि दर रविवारी एकच विषय काढायची, की आई, इकडं ये राहायला. आणि आई दर रविवारी तेच सांगायची. "लेकीच्या घरी पाहुणी म्हणून दोन दिवस यावं. तिसऱ्या दिवशी निघावं. लोक काय म्हणतील?" लोक म्हणजे कोण, ते तिला कधी सांगता आलं नाही. मी चिडायची, फोन आपटायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा लावायची. तिचा आवाज बारीक होत चाललाय असं मला वाटायचं. दुपारी काय जेवलीस विचारलं तर म्हणायची, "सकाळचंच होतं." तिच्या त्या 'सकाळचंच'ची मला भीती बसली होती.

२००३च्या पावसाळ्यात आमच्या ऑफिसची सहल महाबळेश्वरला गेली. बाकीचे स्ट्रॉबेरी क्रीम खात असताना मी रस्त्याकडेच्या एका नर्सरीत शिरले आणि हायड्रेंजियाचं रोप विकत घेतलं. "निळंच येईल ना?" मी तीनदा विचारलं. "शंभर टक्के निळं," विकणारा म्हणाला. परतीच्या बसमध्ये रोप मांडीवर होतं. कुणी धक्का दिला की मी खेकसायची. असंच कुणीतरी अशीच फांदी घेऊन याच घाटातून उतरलं होतं, हे मला कोपऱ्या-कोपऱ्यावर आठवत होतं.

घरी येऊन आईला फोन केला. ती म्हणाली, "हो, तोही असंच म्हणाला होता."

"आई, निळं आलं तर येशील?"

ती आधी हसली. मग म्हणाली, "निळं फूल आलं की कळव. येते बघायला."

ती चेष्टेत म्हणाली असेल. पण माझ्या आईनं शब्द दिला की दिला. वर्गात चाळीस पोरांना दिलेला शब्दसुद्धा ती मोडायची नाही. मी फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, या झाडाला निळं फूल आलंच पाहिजे. त्यानं माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि तो कुदळ आणायला गेला.

हायड्रेंजियाची गंमत अशी की फुलाचा रंग माती ठरवते. माती आंबट असली, म्हणजे आम्लधर्मी, तर फूल निळं. मातीत चुना किंवा क्षार असला तर तेच फूल गुलाबी. कॉलेजात आम्ही लिटमसचा कागद बुडवायचो, त्याच्या नेमकं उलटं. हे मला ऑफिसातल्या एका बागवेड्या बाईनं सांगितलं आणि माझी बी.एस्सी. झोपेतून खडबडून जागी झाली. आत्याच्या मागच्या अंगणात, चुलीच्या छपरापासून पाचसात पावलांवर, आंब्याच्या सावलीत मी जागा धरली. तिथं आत्याचा एक जुना अनंत होता. तो वर्षानुवर्षं पिवळट पानं घेऊन नुसता उभा होता, फूल म्हणून कधी धरत नव्हता. त्याच्या शेजारी मी खड्डा घेतला आणि तांबड्या मातीत कुजलेला पाला मिसळून रोप लावलं.

आत्या चुलीपुढं बसून बघत होती. "कसलं झाड गं?"

मी मासिकातलं चित्र दाखवलं.

"ह्यो तर फ्लावर हाय! रंगावलेला!" आत्या पोट धरून हसली. "भाजी करायची व्हय ह्याची?"

वर्षभर मी त्या झाडाच्या मागं हात धुऊन लागले. चहाचा चोथा टाकला. बोअरचं पाणी जड म्हणून पावसाचं पाणी पिंपात साठवून तेच घातलं. तुरटी निळ्या रंगाला चांगली, म्हणून दर शनिवारी संध्याकाळी तुरटीचं पाणी घातलं. नवऱ्याची दाढीनंतर फिरवायची तुरटी दोनदा गायब झाली तेव्हा त्यानं स्वतःची वेगळी आणून कपाटात कुलपात ठेवली. आत्या माझी धावपळ बघायची आणि मान हलवायची. पण तिनंही झाडाला आपलं मानलं होतं. कडक उन्हात मी कामावर असले की ती त्यावर ओलं पोतं आडवं धरून बांधायची. मला बरं वाटायचं.

२००४च्या जूनमध्ये पहिलं फूल आलं. आधी हिरवट, मग पांढुरकं. मी रोज कंपनीची बस गाठायच्या आधी जाऊन बघायची. एके दिवशी त्या पांढऱ्यात रंगाची झाक दिसली. गुलाबी.

मी नर्सरीवाल्याला अशा शिव्या घातल्या की नवरा म्हणाला, "तुझ्या तोंडून आई बोलतायत." मग म्हणाला, "फोटो पाठव त्यांना. ब्लॅक अँड व्हाइट." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. रविवारी आईनं आपणहून विचारलं, "काय गं, आलं का?" मी म्हटलं, "नाही अजून." आईशी मी फारसं खोटं बोललेली नाही. हे त्यातलं एक. ती म्हणाली, "असू दे. फसवतातच ते." आणि तिच्या आवाजात जे होतं ते ऐकून मला कळलं की वाट ती पण बघत होती.

पुढच्या रविवारी सकाळी मी चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसले होते. एरवी या वेळी मी बसमध्ये असते. आत्यानं चुलीतली राख घमेल्यात काढली आणि अंगणभर फिरली. तुळशीला एक मूठ. मिरचीला एक मूठ. अनंताला एक मूठ. आणि माझ्या हायड्रेंजियाला, लाडकं झाड म्हणून, दोन मुठी.

ती हे रोज करायची. सुट्टीच्या दिवशी मी ते कितीदा बघितलं होतं, आणि किती मायेनं करते बाई असं मनात म्हटलं होतं. राख म्हणजे क्षार. शाळेतल्या मुलाला माहीत असतं. मी शनिवारी संध्याकाळी तुरटी घालत होते आणि आत्या रोज सकाळी राख. आणि मी बी.एस्सी.!

माझा राग नाकाच्या शेंड्यावरच असतो. त्या सकाळी तो तिथंही थांबला नाही. "आत्या, तुम्ही माझ्या झाडाचं वाटोळं केलंत!"

आत्या घमेलं घेऊन तशीच उभी राहिली. "राखंनं कुटं झाडाचं वाटोळं हुतंय व्हय? आमची भातं काय अशीच येत्यात? राब जाळतोय तवा रोप धरतंय."

ते खरं होतं. मुळशीत भाताचं रोप टाकायच्या आधी त्या जागेवर पालापाचोळा आणि शेण जाळतात, त्याला राब म्हणतात, आणि त्या राखेत रोप जोमानं येतं. आत्याचा जन्म त्यात गेला. पण मला तेव्हा ऐकायचं कुठं होतं. आंबट माती, क्षार, रंग, जे येतं ते सगळं मी तिच्या अंगावर फेकलं आणि शेवटी म्हणाले, "माझी आई येणार होती! तुमच्यामुळं नाही येत आता!"

आत्या शांतपणे म्हणाली, "आई झाडासाटी येत आसती व्हय, पोरी? आई लेकीसाटी येती."

 मी आणखी मोठ्यानं ओरडले. "पुन्हा माझ्या झाडांना हात लावू नका!"

दुसऱ्या दिवशी खिडकीत भाकरी नव्हती.

ती पुढं जवळजवळ वर्षभर नव्हती. आत्या बोलायची, नाही असं नाही. पाणी आलं, लाईट गेली, कुणी आलं होतं, एवढंच. राखेचं घमेलं घेऊन फिरायची, पण माझ्या बाजूला फिरकायची नाही. अनंत हायड्रेंजियाच्या शेजारी असल्यामुळं त्यालाही तिनं राख बंद केली. इतकं काटेकोर रुसणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटत होती, पण सॉरी म्हणायला जीभ वळत नव्हती. दिवाळीला फराळाचं ताट दिलं, तिनं घेतलं आणि ताट धुऊन परत केलं. रिकामं. आमच्याकडं ताट रिकामं परत करत नाहीत, त्यांच्याकडंही करत नाहीत. मला जे समजायचं ते समजलं.

२००५च्या मे महिन्यात एका सकाळी खिडकीत भाकरी होती. भाकरीवर अनंताचं एक फूल. पांढरंशुभ्र, टपोरं, वासानं खोली भरली.

मी धावत मागं गेले. अनंत हिरवागार झाला होता आणि त्यावर सातआठ फुलं होती. मी रोज त्याच्या शेजारच्या झाडाकडं डोळे लावून बसायची आणि अनंताकडं ढुंकूनही बघितलं नव्हतं.

आत्या चुलीपुढं बसली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "धा वर्सं ह्यो पिवळा पडून हुबा हाय. राख बंद केली आन हे आसं. मला काय कळत न्हाई व्हय?" मग एकदम मान वर करून, "भाताला मातुर राख लागती म्हंजी लागतीच. त्यात मी कुनाचं ऐकायची न्हाई."

"मी म्हणतच नाही तसं," मी म्हटलं. आणि मला रडू आलं. आत्या म्हणाली, "भाकर खा, गार हुतीया."

त्याच दुपारी ती डोंगराकडच्या त्यांच्या वरकस, म्हणजे भात न होणाऱ्या उताराच्या, जमिनीतून तांबडी माती आणि झाडाखालचा काळाभोर कुजलेला पाला घमेल्यात भरून, डोक्यावरून घेऊन आली. दोन खेपा. झाडाच्या बुंध्याशी आम्ही दोघींनी मिळून ती पसरली. आत्या मधेच थांबून विचारायची, "ही आंबट हाय न्हवं?" आणि मातीचा वास घ्यायची.

जूनमध्ये नऊ गेंद धरले. रोज सकाळी आता आम्ही दोघी बघायला. एक दिवस आत्यानंच दारावर थाप मारली. "ये भाईर. बघ."

निळं. आकाशी नाही, जांभळट नाही. निळं. मी आत्याला मिठी मारली, तिच्या हातातलं घमेलं माझ्या पायावर पडलं आणि तरी मी हसत होते.

फक्त एक घोळ झाला होता. आत्या भांडी राखेनं घासायची. तिच्या भांडी घासायच्या दगडाकडून पाणी एका बारक्या चरातून जायचं, आणि पावसात तो चर भरून झाडाच्या एका अंगाला झिरपायचा. त्या अंगाची दोन फुलं गुलाबी आली. सात निळी आणि दोन गुलाबी, एकाच झाडावर. मी कात्री आणली. आई यायच्या आत ती दोन काढून टाकायची होती.

आत्यानं माझा हात धरला. "फुललेलं खुडायचं न्हाई. देवाला न्यायचं आसंल तर ने. लपवायला न्हाई." मी कात्री ठेवून दिली.

आईला फोन लावला. "आई, निळं आलं."

"नक्की? जांभळट नाही?"

"नक्की."

"वरून नीळ तर नाही ना लावलीस?"

"आई!"

तिसऱ्या दिवशी ती आली. बार्शीहून पुण्याला एस.टी.नं, पुढं हिंजवडीपर्यंत सहा सीटरमधून कोंबून. हातात एक पिशवी, तीत दोन साड्या. दोन दिवसांच्या. फाट्यावर घ्यायला गेलेल्या नवऱ्याला तिनं 'बरे आहात ना' एवढंच विचारलं. घरी आल्यावर पाणीही न पिता, चपला न काढता सरळ मागं गेली.

निळ्या फुलांपुढं ती बराच वेळ उभी राहिली. हात लावला नाही. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होते. मग ती झाडाला वळसा घालून पलीकडं गेली आणि एकदम खाली बसली. ती गुलाबी फुलांपुढं बसली होती.

"हे काय?"

"ते आत्यांच्या राखेच्या पाण्यानं झालंय," मी सांगितलं. "माती तशी तसा रंग. आपल्या बार्शीच्या काळ्या मातीत चुनखडी. तिथं हे निळं आलंच नसतं."

"म्हणजे माझ्याकडं आलं होतं ते…"

"हेच."

"एकाच झाडावर," आई म्हणाली. "म्हणजे त्यानं बरोबरच फांदी दिली होती."

"हो."

आईचे डोळे भरून आले. "अगं, मी त्याला काय काय बोलले! इतकी वर्षं!" आणि मग ती हसायला लागली, डोळे पुसत, पदर तोंडाला लावून हसतच राहिली. मीही हसायला लागले. आवाज ऐकून आत्या चुलीपुढून उठून आली आणि घाबरून म्हणाली, "काय झालं? कोन गेलं का काय?"

"नाही हो," आई म्हणाली. "एक जण निर्दोष सुटला."

त्या दोघींची ओळख अशी झाली. संध्याकाळपर्यंत आत्याला महाबळेश्वरच्या माळ्याची सगळी हकीकत पाठ झाली होती आणि आईला राब कसा भाजतात ते. रात्रीच्या जेवणाला आईनं ज्वारीची भाकरी थापली, आत्यानं तांदळाची, आणि कुणाची भाकरी खरी यावर जे सुरू झालं ते पुढं कधी संपलंच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई साड्या घडी करून पिशवीत भरायला लागली.  आता तिला ठेवून घ्यायला माझ्याकडं काही उरलं नव्हतं. फूल आलं, तिनं पाहिलं, शब्द पुरा झाला.

तेवढ्यात आत्या एक फांदी कापून घेऊन आली. "ही घिवून जावा, बाई. तुमच्या बारशीला लावा."

आईनं फांदी हातात घेतली, उलटसुलट बघितली. "अशी नाही नेणार. कुंडीत हीच तांबडी माती भरून इथंच लावते. मुळं धरू देत. एक फूल माझ्या डोळ्यांनी बघते, रंग बघते, मग कुंडीच उचलून नेते. आता कुणावर आळ नको."

"आई, फांदीला फूल यायला दोनेक वर्षं लागतात," मी म्हटलं. म्हटलं आणि जीभ चावली.

आईनं पिशवीकडं बघितलं. "लागू देत. फूल आलं की जाते."

मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि उगाच दोन स्वच्छ वाट्या घासल्या.

आई राहिली. लोक काही म्हणाले नाहीत, त्यांना आमच्याकडं बघायला वेळ नव्हता. आई दिवाळीत आठ दिवस बार्शीला जायची, घर झाडून यायची आणि 'कुंडीला पाणी कोण घालणार' म्हणत परत यायची. दुपारी ती आणि आत्या छपराखाली बसायच्या. आईच्या हाताखाली आत्या वयाच्या पासष्टाव्या वर्षी स्वतःची सही शिकली आणि आईच्या अंगावर जरा मांस चढलं. 'सकाळचंच होतं' हे शब्द माझ्या कानावर पुन्हा आले नाहीत.

जमिनीतलं मोठं झाड दरवर्षी फुलत होतं. कुंडीतलं मात्र नाही. २००६ गेलं, २००७ गेलं. झाड कमरेइतकं झालं, पानं तकतकीत, आणि फुलाचा पत्ता नाही. मला नवल वाटायचं. पौड रस्त्याच्या नर्सरीत मी विचारलं, तर तिथला माणूस म्हणाला, "शेंडे छाटता का? याला कळी शेंड्यालाच धरते. शेंडा गेला की त्या वर्षीचं फूल गेलं." मी म्हटलं, छे, कात्रीच लावत नाही कुणी.

२००८च्या एप्रिलमध्ये एका शनिवारी संध्याकाळी पाणी घालताना मला कुंडीतल्या झाडाच्या शेंड्यावर कळी दिसली. हरभऱ्याएवढी, हिरवी, बारीक दाणे दाणे असलेली. आत्या म्हणते तसा बारकासा फ्लावर. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. मी पाण्याचा तांब्या अर्धाच रिकामा करून खाली ठेवला. फूल आलं की जाते. आणि माझी आई शब्द मोडत नाही.

मी कुणाला काही बोलले नाही. रविवारी मी सगळ्यांच्या आधी उठले. फुललेलं खुडायचं नाही, असं आत्या म्हणाली होती. पण हे कुठं फुललं होतं? मनाची अशी समजूत घालून मी मागचं दार हळूच उघडलं.

आई कुंडीपाशी उभी होती, पाठमोरी. आत्या शेजारी राखेचं घमेलं घेऊन. आईनं इकडंतिकडं बघितलं, शेंडा दोन बोटांत धरला, नखानं कळी खुडली आणि घमेल्यात टाकली. हात सवयीचा होता. आत्यानं त्या कळीवर मूठभर राख लोटली. 

मी दार तसंच लोटून घेतलं.

चहाला बसलो तेव्हा आई बिस्कीट बुडवत म्हणाली, "यंदाही काही लक्षण दिसत नाही बाई त्या कुंडीचं."

"नाही ना?" मी म्हटलं. तिनं कपावरून माझ्याकडं बघितलं तेव्हा मी पुढं म्हटलं, "मीपण बघत होते. येईल की पुढच्या वर्षी. घाई काय आहे?"

"घाई काही नाही," आई म्हणाली आणि दुसरं बिस्कीट घेतलं.